पोह्यांतले शेंगदाणे कोण काढतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

घणसोलीहून एका आईने लिहिलं आहे. नोकरी पवईला. सकाळी आठची कंपनीची बस, संध्याकाळी ऐरोली पुलावरच्या गर्दीतून घरी पोचायला साडेसात. मुलगी पाच वर्षांची, सिनियर केजीत आहे. शाळा सुटल्यावर ती त्यांच्याच सोसायटीतल्या एका काकूंच्या पाळणाघरात असते, दीड वर्षाची असल्यापासून. गेल्या महिन्यात शाळेच्या ओपन हाउसला वर्गाच्या भिंतीवर हृदयाच्या आकाराचे कागद लावले होते. वर्गाच्या बाईंनी प्रत्येक मुलाला ‘प्रेम म्हणजे काय?’ आणि ‘तुझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम कोण करतं?’ असे दोन प्रश्न विचारून उत्तरं जशीच्या तशी लिहून घेतली होती. या मुलीच्या कागदावर होतं: ‘प्रेम म्हणजे काकू माझ्या पोह्यांतले शेंगदाणे काढून देतात.’ आणि खाली: ‘काकू. मग बाबा. मग चिकू.’ चिकू म्हणजे सोसायटीतलं मांजर. आईचं नाव कुठेच नव्हतं.

त्या लिहितात: ‘बाकीच्या आया फोटो काढत होत्या. मी कागद भिंतीवरून काढला आणि पर्समध्ये टाकला. तिला शेंगदाणे आवडत नाहीत हे मला माहीतच नव्हतं. घरी मुकाट्याने खाते. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, पोर परक्याच्या हातात वाढलं की असंच होतं. नवरा म्हणतो, लहान आहे ती, सोडून दे. तेव्हापासून मी रोज रात्री तिला विचारते, तू जास्त प्रेम कुणावर करतेस? ती पटकन “तुझ्यावर” म्हणते, पण मला ते खरं वाटत नाही. परवा टॅब काढून घेतला तर “मी तुझ्यावर प्रेमच नाही करत” म्हणाली. काकूंकडे अगदी शहाण्यासारखी असते. मी न्यायला गेले की चप्पल घालण्यावरून रडते, लिफ्टमध्ये कडेवर घे म्हणते, घरी आल्यावर दहा मिनिटं चिकटून बसते आणि मग ठीक होते. नोकरी सोडू का? की पाळणाघर बदलू? माझी मुलगी माझी राहिली नाही का?’

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. मुलगी तुमचीच आहे. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिला आहे. ती चप्पल, ती लिफ्ट, ती दहा मिनिटं.

दिवसभर काकूंकडे नीट राहिलेली मुलगी तुम्ही दारात दिसताच चप्पल उलटी झाली म्हणून भोकाड पसरते. बघणाऱ्याला वाटतं, आईला बघून रडते म्हणजे आईकडे जायचं नसेल. पण पाच वर्षांचं पोरही दिवसभर बरंच काही पोटात ठेवून असतं. शाळेत कुणी खोडरबर पळवला, कुणी खेळायला घेतलं नाही, झोप झाली नाही. हे सगळं बाहेर काढायला हक्काचं माणूस लागतं, आणि ते माणूस दारात आलं की चप्पल हे निमित्त पुरतं. मग ती कडेवर घे म्हणते, चिकटून बसते आणि दहा मिनिटांत शांत होते. शांत होते, हे महत्त्वाचं. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षभराच्या बाळांवर एक प्रयोग केला होता, तो आजही शिकवला जातो. अनोळखी खोलीत आई बाळाला थोडा वेळ सोडून बाहेर जाते आणि परत येते. एन्सवर्थ यांनी सगळ्यात बारकाईने पाहिलं ते आई परतल्यानंतरच्या क्षणांकडे. बाळ तिच्याकडे झेपावतं का, आणि तिच्याजवळ गेल्यावर निवतं का? तुमची मुलगी बाळ राहिलेली नाही, तरी बघायची जागा तीच. तुमच्या घरी हे रोज संध्याकाळी पावणेआठला घडतं आहे.

आता भिंतीवरच्या कागदाकडे येऊ.

तुम्ही तो कागद निकाल म्हणून वाचलात. पहिला नंबर काकू, दुसरा बाबा, तिसरं मांजर, आणि आई नापास. पण ‘सगळ्यात जास्त’ हा प्रश्न मोठ्यांचा आहे. लहान मुलं विचार कसा करतात यावर स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी उभी हयात काम केलं, आणि मुलांना ‘जास्त’ कसं कळतं हेही त्यात पाहिलं. त्यांचा एक प्रयोग तुम्ही आज रात्री स्वयंपाकघरात करून बघा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या, दोन्ही सारखे आहेत हे तिच्याकडून कबूल करून घ्या. मग तिच्यादेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, आता जास्त कशात आहे? या वयाची बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. एक थेंब वाढलेला नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरीही. साधारण सात वर्षांपर्यंत मूल एका वेळी डोळ्यांत भरलेल्या एकाच गोष्टीवरून ‘जास्त’ ठरवतं. ज्या वयात पाण्याचं जास्त-कमी पक्कं होत नाही, त्या वयात तिला आपण प्रेमाचं विचारलं. तिच्या डोळ्यांत त्या क्षणी जे भरलं होतं ते तिने सांगितलं. आदल्या दिवशी काकूंकडे पोहे असतील, सकाळी बाबांनी केस बांधले असतील, जिन्यात चिकू पायात घुटमळला असेल. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तर यादी वेगळी आली असती, आणि त्याच दिवशी तुम्ही समोर उभ्या असतात तर कदाचित यादीच झाली नसती, ती येऊन तुम्हाला बिलगली असती.

आई यादीत का नव्हती, याचं नेमकं उत्तर तिच्याशिवाय कुणाकडे नाही आणि तिच्याकडेही नसेल. पण घरात कोण कोण आहे असं विचारल्यावर लहान मुलं स्वतःला मोजायला विसरतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. जे अगदी अंगालगत असतं ते मोजदादीत येत नाही, अशी एक शक्यता तुम्ही तरी मनात ठेवा. दुसरी शक्यताही मी लपवत नाही. तुम्ही तिच्यासाठी जे करता त्यातलं बरंचसं तिला दिसतच नाही. युनिफॉर्म धुऊन इस्त्री होतो, डब्यात भाजी येते, लसीची तारीख पाळली जाते, शाळेची फी भरली जाते, आणि ज्या काकूंवर तिचा इतका जीव आहे त्या चार पाळणाघरं पालथी घालून तुम्हीच शोधल्या असणार. पाच वर्षांच्या मुलीला यातलं काहीच प्रेम म्हणून दिसत नाही. तिला दिसतो वाटीतून शेंगदाणा उचलणारा हात.

आणि हीच तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जड वाटलेली गोष्ट. ‘मला माहीतच नव्हतं.’ सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा, यादीतल्या मांजरापेक्षा, तुम्हाला हे जास्त लागलं आहे असं मला वाटतं. आपल्या लेकीची एक नावड दुसऱ्या बाईला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही.

म्हणून त्या वाक्याशी जरा थांबू या. ‘प्रेम म्हणजे काकू माझ्या पोह्यांतले शेंगदाणे काढून देतात.’ मला हे उत्तर फार हुशारीचं वाटतं. त्यात केवढं काही आहे बघा. काकूंना स्वतःला शेंगदाणे आवडत असतील, पोह्यात ते घालायलाच हवेत असंही वाटत असेल, पण हिला नकोत हे त्यांनी ओळखलं, लक्षात ठेवलं आणि रोज आठवणीने केलं. आपल्याहून वेगळी आवड असलेलं माणूस समोर आहे, हे कळणं मुलांनाही फार लवकर जमायला लागतं. बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक या दोघींनी 1997 साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. बाळासमोर दोन वाट्या, एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. बाळांना अर्थातच बिस्किटं आवडायची. पण प्रयोग करणारी बाई बिस्किट खाऊन तोंड वाकडं करायची, ब्रोकोली खाऊन खूश व्हायची, आणि मग हात पुढे करून ‘मला दे’ म्हणायची. 14 महिन्यांची बाळं तिला बहुतेक वेळा बिस्किटंच द्यायची, स्वतःला आवडतात म्हणून. 18 महिन्यांची मात्र ब्रोकोली द्यायची. मला नको असलेली गोष्ट हिला हवी आहे, इतकं त्यांना उमगलेलं असायचं. तुमची लेक त्याच वाटेवर आता पाच वर्षांची झाली आहे, आणि दुसऱ्याने तिची आवडनिवड जपली की त्याला ती प्रेम म्हणते. ही समज तिला तुमच्या घरातूनच मिळालेली असण्याचा दाट संभव आहे. दीड वर्षापर्यंत ती तुमच्याजवळच होती ना? तिला कुठल्या कुशीवर झोप लागते, ताप उतरताना काय मागते, हे काकूंना तेव्हा तुम्हीच सांगितलं असेल.

लहान मुलांना प्रेमाबद्दल विचारलं की ती अशीच करण्याची भाषा बोलतात. ताई तिचा पांढरा खडू देते. आजी पाठ खाजवते. बाबा बागेत झोका उंच देतात. दोन-तीन वर्षांचं मूल तर काही सांगतही नाही, अर्धं चघळलेलं चॉकलेट तोंडातून काढून तुमच्या तोंडात कोंबतं. चार-पाचला खेळ, खाऊ, स्पर्श यांच्या गोष्टी येतात. याच वयात ‘मी बाबांशीच लग्न करणार’ हेही येतं आणि आई-बाबा उगाच ओशाळतात. पुढे सहा-सात-आठला हळूहळू समोर नसलेल्या माणसाचं प्रेम मूल बोलून दाखवायला लागतं. गावी असलेले आजोबा आठवण काढतात, आई ऑफिसातून फोन करते म्हणजे तिला काळजी आहे. तुमची लेक अजून पहिल्या मुक्कामावर आहे, आणि दिवसातले अकरा-बारा तास समोर नसणाऱ्या आईला या मुक्कामावर थोडं अवघड जातं. यात तुमच्या प्रेमात काही कमी आहे असं होत नाही.

घरी ती शेंगदाणे मुकाट्याने का खाते, याचाही विचार करा, पण स्वतःला फटके न मारता. तुमच्याकडे पोहे बहुधा सकाळी सव्वासातला होतात. रिक्षा खाली उभी, तुमची बस आठची, ‘पटापट खा, उशीर होतोय’ हे वाक्य दिवसातून पहिलं. त्यात ‘मला हे नको’ म्हणायला जागा कुठे आहे? काकूंकडे ती चार वाजता खाते, कुणाला कुठे जायचं नसतं, आणि ती सगळे शेंगदाणे ताटलीच्या कडेला सारत असताना समोर एक माणूस निवांत बसलेलं असतं. शेंगदाण्यांची बातमी काकूंना लागली ती या निवांतपणामुळे.

रात्रीचा तो प्रश्न मात्र आजपासून बंद करा. ही माझी एकच विनंती अगदी आग्रहाची आहे. ‘तुझ्यावर’ हे उत्तर तुम्हाला खरं वाटत नाही, आणि तुमचा अंदाज एका अर्थी बरोबर आहे. समोरच्याच्या मनात काय चाललं आहे, ते आपल्या मनापेक्षा वेगळं असू शकतं, हे साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास मुलांना पक्कं कळू लागतं. हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी 1983 साली हे एका साध्या गोष्टीतून दाखवलं. एका मुलाने चॉकलेट एका कपाटात ठेवलं, तो बाहेर गेल्यावर आईने ते दुसऱ्या कपाटात हलवलं. तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं, चॉकलेट आता जिथे आहे तेच कपाट दाखवतात. त्याहून मोठी मुलं म्हणतात, तो आधीच्याच कपाटात शोधेल, त्याला कुठे माहीत आहे! तुमच्या मुलीला आता ही युक्ती येते. अंधारात तुमचा आवाज कापरा होतो, तुम्ही श्वास रोखून उत्तराची वाट बघता, हे तिला कळतं, आणि ती तुम्हाला हवं ते देऊन टाकते. खोटं बोलते असं मी म्हणणार नाही. आईला बरं वाटावं म्हणून झोपेच्या वेळी पाच वर्षांची मुलगी धडपडते आहे. हे ओझं तिच्यावरून उतरवा. तिला काही विचारायचंच असेल तर विचारा, ‘आज तुला कुणी मदत केली? तू कुणाला केलीस?’ याची उत्तरं ती न घाबरता देईल आणि तुम्हाला तिचा दिवस कळेल.

टॅबच्या वेळी आलेल्या वाक्याने तर रात्र जागवू नका. सुझन हार्टर यांनी मुलांच्या भावनांबद्दलच्या समजेवर केलेल्या कामात दिसतं की एकाच माणसाबद्दल एकाच वेळी राग आणि माया वाटू शकते, हे सांगणं या वयात मुलांना जमत नाही, ते बरंच पुढे जमायला लागतं. राग आला की त्या क्षणी मन सगळं रागाचं. ‘मी तुझ्यावर प्रेमच नाही करत’ याचा अर्थ ‘टॅब दे’ इतकाच घ्या. टॅब देऊ नका. ‘तुला राग आलाय, मला कळतंय. टॅब उद्या मिळेल. माझं तुझ्यावर प्रेम आहे’ इतकं म्हणा आणि जेवणाची पानं घ्यायला लागा. त्या वाक्यावर रडलात, रुसलात, ‘मग जा तुझ्या काकूंकडे’ म्हणालात, तर त्या वाक्यात ताकद आहे हे ती शिकेल आणि पुढच्या वेळी ते मुद्दाम वापरेल.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या पिढीत मूल घरातच वाढलं, आणि त्यांना नातीची काळजी आहे. पण ‘परक्याच्या हातात वाढलं की असंच होतं’ हे तपासून बघितलेलं आहे आणि ते टिकत नाही. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगोमधल्या 60 बाळांचा अभ्यास 1964 साली प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यांतल्या बहुतेक बाळांचा जीव एकाहून जास्त माणसांवर जडला होता, कुणाचा बाबांवर, कुणाचा आजीवर, कुणाचा शेजारणीवर. एकीवर जडला म्हणून दुसरीवरचा उडाला, असं होत नाही. अमेरिकेत 1991 पासून हजाराहून जास्त मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास झाला. त्यात आढळलं की केवळ पाळणाघरात राहिल्याने मुलाचं आईशी असलेलं नातं ना बिघडतं, ना सुधारतं. आई घरी असताना मुलाच्या हाकेला कशी ओ देते, याला जास्त वजन होतं. घरी लक्ष नाही आणि पाळणाघरही निकृष्ट, अशी जोडी झाली तर मात्र धोका वाढत होता. तो देश वेगळा, घरं वेगळी, पण हा निष्कर्ष आपल्याला परका वाटू नये. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला 1945 साली आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घरच्या नसलेल्या बायकांनी सांभाळलेली मुलं कशी फुलतात हे दाखवून दिलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडी घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या. आज ज्याला देशभर अंगणवाडी म्हणतात त्या कल्पनेचं मूळ तिथे आहे. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एकदा काकूंकडे घेऊन जा, दुपारी चारला, खाण्याच्या वेळी. बघितल्यावर मत बदलेल किंवा न बदलेल, निदान ‘परकी’ म्हणताना डोळ्यांसमोर एक चेहरा येईल.

पाळणाघर बदलू नका. तुमच्या मुलीने साडेतीन वर्षांत जोडलेलं माणूस, तिने त्याच्यावर प्रेम केलं म्हणून काढून घेतलं, तर तिला त्यातून काय कळेल याचा विचार करा. पाळणाघर बदलायची खरी कारणं वेगळी असतात. मूल अचानक तिथे जायला घाबरू लागलं, अंगावर न सांगता येणाऱ्या खुणा दिसल्या, ‘घरी सांगायचं नाही’ असं कुणी बजावलेलं कळलं, झोपेत दचकू लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता पावलं उचला. तसंच एखादं मूल लागलं-खुपलं तरी कुणाकडेच धावत नसेल, आई, बाबा, आजी, काकू कुणीही आलं-गेलं तरी त्याला फरक पडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काहीही नाही.

नोकरीचं. तुम्हाला मुलीबरोबर जास्त वेळ हवा म्हणून नोकरी सोडायची असेल, तर ते तुमच्या दोघा नवरा-बायकोंच्या हिशेबाने ठरवा. घराचा हप्ता, तुमचं त्या कामावर असलेलं मन, पुन्हा नोकरी मिळण्याची शक्यता, सगळं धरून. पण भिंतीवरच्या एका कागदाला उत्तर म्हणून सोडू नका. उद्या ती यादीत फक्त चिकूचं नाव घेईल, तेव्हा तुमच्याकडे सोडायला काही उरलेलं नसेल आणि राग तिच्यावर निघेल. मधले रस्ते आहेत का ते आधी बघा. आठवड्यातून एक दिवस घरून काम मिळतं का? नवऱ्याला एक-दोन दिवस लवकर येता येतं का? ‘लहान आहे ती, सोडून दे’ म्हणणारे बाबा यादीत दुसरे आले आहेत, याचा अर्थ ते काहीतरी दिसणारं करतात. ते काय, हे त्यांना विचारा. कौतुक म्हणून विचारा.

तुमच्याकडे रोजचे दोन तास आहेत, साडेसात ते साडेनऊ. त्यात कुकर आहे, होमवर्क आहे, ऑफिसचे राहिलेले मेसेज आहेत. सगळे दोन तास तिला द्या असं सांगणं सोपं आणि खोटं आहे. पहिली वीस मिनिटं द्या. काकूंच्या दारातून थेट घरी न जाता सेक्टरच्या बागेला एक फेरी मारा, फोन पर्समध्ये, ‘आज काय शिकवलं’ हा प्रश्न बंद. चप्पलेवरून रडली तर रडू द्या, कडेवर मागितलं तर घ्या. पाच वर्षांची घोडी झालीस असं म्हणू नका. या वीस मिनिटांत तिच्या बारीकसारीक गोष्टी कळतील. कुठल्या झाडाखाली तिला थांबायचं असतं, कुठल्या कुत्र्याची भीती वाटते, चिकूशी ती काय बोलते.

आणि तुमच्या कामातलं एखादं तिच्या हाताखाली आणा. रात्री डबा ठरवताना तिला ओट्याशी स्टुलावर उभं करा, तिला विचारून भाजी निवडा, काकडीचे काप तिलाच भरू द्या. उपकार दाखवण्यासाठी नाही. तिच्या वयात प्रेम डोळ्यांना दिसावं लागतं, म्हणून. पोह्यांचं सकाळी जमत नसेल तर रविवारी करा, निवांत, आणि तिच्यासमोर तिच्या वाटीत शेंगदाणे न घालता वाढा. ‘काकूंनी सांगितलं मला’ असं म्हणायला कचरू नका. आपली दोन माणसं आपल्याबद्दल एकमेकींशी बोलतात, हे मुलांना फार आवडतं.

तो हृदयाचा कागद पर्समधून काढा आणि फ्रिजवर लावा. तिने बहुधा दुसऱ्या दिवशी भिंतीवर तो शोधला असेल. चांगलं काहीतरी सांगितलं आणि ते गायब झालं, असं तिच्या मनात राहायला नको.

शाळेतही एकदा बोला, तक्रारीच्या सुरात नको. वर्गात एखादं मूल असेल ज्याची आई नाही, कुणाचे आई-बाबा वेगळे राहतात, कुणी मामाच्या घरी वाढतंय. ‘सगळ्यात जास्त कोण’ हा प्रश्न भिंतीवर लावण्याजोगा नाही. ‘तुला कुणी काय केलं की छान वाटतं?’ असं विचारलं असतं तरी शेंगदाण्यांचं उत्तर आलंच असतं, आणि कुठलीच आई खाली मान घालून घरी गेली नसती. बाईंना हे पटेल असं मला वाटतं. त्यांनी उत्तरं जशीच्या तशी लिहिली, एकही सजवली नाही, यातच त्यांची चांगली समज दिसते.

अशी पत्रं मला इतरही घरांतून येतात. आजीवर जास्त जीव असलेला नातू, शिफ्टची ड्युटी करणाऱ्या वडिलांना ‘तुम्ही पाहुणे’ म्हणणारी मुलगी, धाकटं आल्यावर ‘आता आई त्याची’ म्हणणारा मोठा. त्या सगळ्यांना माझं सांगणं हेच: मुलाला दोन माणसांमध्ये निवड करायला लावू नका, गमतीतही नको. ‘आई आवडते की बाबा?’ हा पाहुण्यांचा लाडका प्रश्न आला तर मुलाच्या वतीने तुम्हीच सांगा, ‘आमच्याकडे दोघंही आवडतात.’

आता काकूंकडे जा. शनिवारी सकाळी, मुलगी बरोबर नसताना. त्यांना सांगा की लेकीने शाळेत तुमचं नाव घेतलं, प्रेमाचा अर्थ विचारल्यावर. पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना महिन्याच्या पैशांपलीकडे हे असं फार कमी वेळा ऐकायला मिळतं. मग विचारा की तिला आणखी काय काय आवडत नाही, दुपारी ती कुणाशी खेळते, चिडली तर कशाने शांत होते. आणि तुम्हाला ठाऊक असलेलंही त्यांना सांगा. वही घेऊन जायला हरकत नाही. जूनमध्ये ती पहिलीत जाईल, शाळेची वेळ बदलेल, रिक्षा बदलेल, काकूंकडचा वेळही बदलेल. त्याआधी एका रविवारी तुम्ही, नवरा आणि सासूबाई एकत्र बसून पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आखा, आणि काकूंना कुठल्या वेळा जमतील ते त्या बैठकीच्या आधीच विचारून ठेवा.